बसवलेले डोळे

१

औरंगपुऱ्यात एका मेडिकलच्या डोक्यावर हर्सूलकर फोटो स्टुडिओ आहे. जिना अरुंद, पायऱ्या उंच, आणि वर चढणारी माणसं बहुतेक रडून आलेली. लग्नामुंजींची कामं ड्रोन उडवणाऱ्या पोरांनी कधीच नेली. मिहिर हर्सूलकरकडं राहिले ते गेलेल्या माणसांचे फोटो.

माणूस जातो, आणि दहाव्याच्या आत घरच्यांच्या लक्षात येतं की त्याचा धड एक फोटो नाही. मग मोबाइल चाळतात. कुठल्या तरी लग्नात, तिसऱ्या रांगेत, अर्धं तोंड शेजारच्याच्या फेट्याआड, असा एक सापडतो. तो घेऊन जिना चढतात आणि म्हणतात, तेरवीला हार घालायचाय, मोठा करून द्या. मिहिर देतो. तोंड कापून कोटावर बसवतो, म्हातारी असली तर इरकल लुगड्यावर. मागं निळं आभाळ. रंग उजळ, सुरकुत्या गायब, तीळ, वण, देवीचे व्रण सगळं साफ. कुणी सांगो न सांगो, साफ. एखाद्यानं नाराजी दाखवलीच तर हा त्याच्यावरच खेकसणार, की गेलेल्या माणसाला डाग कशाला ठेवायचे? आणि लोक ऐकून घेतात. सुतकातला माणूस भांडायला उठत नाही, हे मिहिरला पक्कं ठाऊक होतं.

यावरून त्याचं आणि अण्णांचं कायम वाजायचं. अण्णा म्हणजे केशवराव, त्याचे वडील, स्टुडिओ त्यांचाच. फिल्मच्या जमान्यात तेही निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवायचे, नाही असं नाही. पण पुटकुळीपुरती. पुटकुळी आठ दिवसांनी जाणारच असते, ती आज काढली तर चालेल, वण त्या माणसाबरोबर जाणार आहे, त्याला हात लावायचा नाही, असं ते बजावायचे. मिहिरला या शहाणपणाची चीड यायची. अण्णा गेले तेव्हा तो मनातल्या मनात म्हणालाही, सुटलो बाबा एकदाचा.

राहिला डोळ्यांचा प्रश्न. फ्लॅश पडला की निम्मी माणसं डोळे मिटतात, आणि मिटलेल्या डोळ्यांचा फोटो भिंतीवर कुणालाच नको असतो. दुसऱ्या कुणाचे डोळे आणून बसवावेत तर उजेड जुळत नाही, मान जुळत नाही. शेवटी वैतागून बारा वर्षांपूर्वी एका दुपारी तो स्वतःच कॅमेऱ्यासमोर बसला. समोर बघून, डावीकडं बघून, उजवीकडं, सावलीत, उन्हात, असे नुसते स्वतःच्या डोळ्यांचेच पन्नासेक फोटो त्यानं काढून ठेवले. तेव्हापासून जो कुणी मिटलेल्या डोळ्यांनी आला, त्याला मिहिरचे डोळे मिळाले. बायांनासुद्धा. रंग थोडा इकडंतिकडं करायचा की झालं. बजाजनगरच्या खोल्यांत, शेंद्र्याच्या नव्या फ्लॅटांत, वेरूळच्या वाटेवरच्या घरांत त्याचे डोळे हार घालून बसले होते, आणि एका माणसानंही कधी ओळखलं नव्हतं. याचा त्याला फार अभिमान होता.

मे महिन्यातल्या एका सकाळी, अकराच्या सुमाराला, तो कुणाच्या तरी गालावरची चामखीळ पुसत होता. तेवढ्यात त्याला नजरेच्या वरच्या कडेला काहीतरी केशरी लोंबताना दिसलं. त्यानं हातानं झटकलं. हाताला काही लागलं नाही. नीट बघितलं तर झेंडूची फुलं होती, दोऱ्यात ओवलेली, कडेनं सुकत आलेली.

२

डोळ्यांच्या डॉक्टरनं बॅटरी मारून बघितलं, थेंब घातले, आणि स्क्रीन कमी बघा म्हणून सांगितलं. मिहिर चिडून खाली उतरला. स्क्रीन कमी बघू तर खाऊ काय?

झेंडू आला तसा गेला, पण त्याच्यामागून खोली आली. चहा घेता घेता ती समोर उभी राहिली. पत्र्याचं छप्पर, हिरव्या रंगाची भिंत, लोखंडी मांडणीवर उपडी घातलेली भांडी. आणि हे सगळं वरून, पुरुषभर उंचीवरून, जरा खाली झुकून बघितल्यासारखं. खाली एक म्हातारी सुपात ज्वारी पाखडत होती. सूप हलत होतं पण आवाज नव्हता. ती मध्येच थांबली, मान वर केली, आणि सरळ त्याच्याकडं रागानं बघत राहिली.

"सायब, झोप लागली की काय?" चहावाला विचारत होता. चहा मिहिरच्या पँटवर सांडला होता.

झोप? मिहिर त्याच्या अंगावर धावून गेला. भर दिवसा, उभ्यानं कोण झोपतं? डोळे टक्क उघडे होते माझे. चहावाला म्हणाला, नव्हते सायब, मिटले होते, म्हणून तर विचारलं.

त्यानं स्वतःला समजावलं. बेचाळीस डिग्री ऊन, कूलरला पाणी नाही, रोज दहा तास मेलेल्यांची तोंडं. आपल्याच कामातला एखादा फोटो डोक्यात बसला असेल. पण फोटोत माणसाचं तोंड असतं, त्याच्या समोरची खोली नसते. हा विचार आला तसा त्यानं तो बाजूला सारला आणि कामाला लागला.

मग दोन-तीन दिवसांनी खोली बदलली. म्हणजे खोलीच गेली. नुसता हिरवा रंग दिसायचा, अगदी नाकाशी. चुन्याचे पोपडे, त्यातून गेलेली एक भेग, भेगेत कोळ्याचं पांढरं जाळं. पाच पाच मिनिटं तेच. मान वळवली तरी तेच. ते गेलं की समोर पुन्हा कॉम्प्युटर. या हिरव्या भिंतीला तो त्या झेंडूपेक्षा जास्त भ्यायला. भ्यायला म्हणजे चिडला. त्याचं भ्यायचं म्हणजे चिडायचंच असे.

३

सोमवारी दुपारी वच्छलाबाई आली. खुलताबादच्या पुढची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. काखेत टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम, मागं तिचा मुलगा रामहरी, शेंद्र्याच्या कंपनीतला निळा शर्ट घातलेला, ओशाळलेला. जिना चढून धाप लागली होती तरी ती बसली नाही. फ्रेम टेबलावर आपटली.

"ह्यो माहा माणूस न्हाय."

तिच्या नवऱ्याचा, कडूबाचा, फोटो होता. दिवाळीनंतर गेला होता. मिहिरला काम आठवलं. पुतण्याच्या लग्नातला फोटो, डोळे मिटलेले, भुवईवर एडक्यानं मारलेल्या धडकेचा मोठा वण. सगळं कसं छान साफ केलं होतं. तो म्हणाला, मावशी, फोटो तुम्हीच दिलेला, माणूस तुमचाच. मोठा केल्यावर थोडं वेगळं वाटतं.

ती ऐकेना. वण कुठं गेला म्हणून तिनं आधी विचारलंच, पण ती आली होती दुसऱ्याच गोष्टीसाठी. तिचा माणूस जन्मभर उन्हात जनावरांमागं हिंडला. डोळे बारीक करूनच बघायचा, घरात सावलीला आला तरी. हा मात्र टकटक बघतोय. स्वयंपाक करताना बघतोय, लुगडं बदलताना बघतोय. आधी वाटलं आपल्याच मनाचा खेळ. मग नात त्या खोलीत निजेना. तेव्हा तिनं आठ दिवसांपूर्वी फ्रेम उलटी केली, तोंड भिंतीकडं, आणि आज रामहरीला सुटी म्हणून काढून आणली.

भिंतीकडं. मिहिरला ते नाकाशी आलेले पोपडे आठवले. तरी त्यानं उसनं अवसान आणलं आणि म्हणाला, डोळे कॉम्प्युटरनं आपोआप टाकले, आता सगळं एआयच करतं, आमच्या हातात काही नसतं. हे बोलताना त्यालाही ते खरं वाटलं.

वच्छलाबाईनं त्याच्या दंडाला धरलं आणि त्याला खिडकीपाशी उजेडात ओढलं. मेंढीचा डोळा तपासावा तशी बोटानं त्याची पापणी वर केली. मिहिरच्या डाव्या डोळ्याच्या पांढऱ्यात, नाकाच्या बाजूला, मोहरीएवढा तपकिरी ठिपका होता. जन्मापासूनचा. मग तिनं फ्रेम उचलून त्याच्या तोंडासमोर धरली. कडूबाच्या डाव्या डोळ्यात, नाकाच्या बाजूला, मोहरीएवढा ठिपका. जगाचे तीळ पुसणाऱ्या माणसानं स्वतःचा तेवढा ठेवला होता. बारा वर्षांत त्याच्या हे ध्यानातही आलं नव्हतं.

"हे तुहे डोळे हायेत," ती हळू आवाजात म्हणाली. "माह्या घरात सहा महिने तू बसला व्हता."

मिहिरच्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, एवढी मेहनत घ्या, म्हातारा कोटात बसवून द्या, आणि वर हे ऐकून घ्या! तो तोंडाला येईल ते बोलणार होता. पण बाहेर पडलं ते भलतंच.

"तुमची भिंत हिरवी आहे का? फोटोच्या मागं भेग आहे, भेगेत जाळं?"

रामहरी पहिल्यांदाच बोलला. "सायेब, तुमी कवा आलते आमच्या घरी?" आणि जरा थांबून, घाबरत, "आन् डोळं मिटून काहून बोलताय?"

४

तिला एकच हवं होतं. मूळ फोटो, जसा होता तसा. मिटलेले डोळे, वणासकट. मिहिरनं मुकाट्यानं प्रिंट काढली. कडूबा हार घातलेल्या नवरदेवाशेजारी उभा, फ्लॅशला वैतागून डोळे घट्ट मिटलेला, तोंड थोडं वाकडं. वच्छलाबाईनं तो हातात घेतला, आणि इतका वेळ कोरडी ठणठणीत असलेली बाई रडायला लागली. असाच होता, म्हणाली. फोटो म्हटलं की असाच करायचा.

जाताना तिनं फ्रेममधल्या फोटोकडं बोट केलं. माझ्यादेखत काप, म्हणाली, आधी डोळे. मिहिरनं कटर घेतलं. पातं डाव्या डोळ्यातून गेलं तेव्हा त्याच्या स्वतःच्या डाव्या डोळ्यात चरचरलं, पाणी आलं. उन्हानं, तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

त्यानंतर हिरवी भिंत पुन्हा दिसली नाही. म्हणजे यावर उपाय होता. त्यानं जुनी कामं उघडली आणि एकेकाला फोन लावायला घेतले, की फोटो परत आणा, फुकट बदलून देतो. पहिल्यानं विचारलं, फुकट काहून? दुसरीनं फोन ठेवला. बजाजनगरचा एक गृहस्थ हसला. बदलायचा नाही म्हणाला, लई जिवंत डोळे आहेत, आई घरात बसून सगळ्यांवर लक्ष ठेवते असं वाटतं, पोरं अभ्यासाला बसतात. मिहिर त्याला म्हणाला, ती तुमची आई नाही. समोरून शिवी आली आणि फोन बंद झाला.

आता खोल्या रोज यायला लागल्या. एक सरकली की दुसरी. गुलाबी भिंतीची, टीव्हीवाली, पाळण्याची. अगरबत्तीचा धूर समोरून जायचा. माणसं जेवायची, भांडायची, आणि मध्येच एखादं मूल वर बघून रडायला लागायचं. मिहिर रिक्षात असला तरी, तोंडात घास असला तरी. खोली गेली की आजूबाजूचे लोक त्याच्याकडं वाकून बघत असायचे आणि म्हणायचे, उघडा, डोळे उघडा.

गुरुवारी दुपारी स्टुडिओत बसलेला असताना जी खोली आली ती त्यानं लगेच ओळखली. लाकडी दिवाण, शिवणयंत्र, कोपऱ्यात अण्णांचा जुना ट्रायपॉड. गारखेड्यातला त्याचाच हॉल. आई स्टुलावर उभी राहून नवा हार घालत होती. तिचा चेहरा अगदी जवळ आला. तिनं ओल्या बोटानं काच पुसली, गंध लावलं, आणि खाली उतरून दिवाणावर बसली. मग त्याच्याकडं बघून बोलायला लागली. आवाज नव्हता, नुसते ओठ. बोलता बोलता ती रडली, पदरानं नाक पुसलं, परत बोलली. एका जागी तिच्या ओठांवर त्याला स्वतःचं नाव दिसलं. मग वैदेहीचं, म्हणजे चार वर्षांपूर्वी त्याला सोडून गेलेल्या त्याच्या बायकोचं. आई मान हलवत होती, हात जोडत होती.

अण्णा जन्मभर कॅमेऱ्याच्या मागं राहिले. त्यांचा स्वतःचा म्हणून एकच फोटो होता, आरामखुर्चीत डोळे मिटून बसलेले. त्यालाही मिहिरनं डोळे बसवले होते. तेरवीला आलेले सगळे म्हणाले होते, पोरानं अगदी बापाचे डोळे घेतलेत हो. आई तेव्हा किती सुखावली होती.

५

तो तसाच घरी निघाला. पाकिटात अण्णांची मूळ प्रिंट, खिशात कटर. आई जेवायची थांबली होती. त्यानं ठरवलं होतं की काहीतरी सबब सांगायची, काच फुटलीय, बुरशी लागलीय. पण आईनं, उमाबाईंनी, चाळीस वर्षं स्टुडिओत काम केलं होतं. अण्णा फोटो काढायचे आणि त्या पासपोर्टचे तुकडे कापायच्या, एका रेषेत, पट्टी न लावता. पाकिटातली प्रिंट बघितल्याबरोबर त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं, मग मिहिरकडं. मग उठून जवळ आल्या आणि त्याचा डावा डोळा बघितला.

"कुणाचे आहेत हे?"

मिहिरनं सांगून टाकलं. वच्छलाबाईचं, खोल्यांचं, फोटो कापला की ते थांबतं, सगळं. खोल्यांच्या गोष्टीवर तिचा विश्वास बसला की नाही कळलं नाही. तिकडं तिचं लक्षच नव्हतं.

"सहा वर्षं," ती म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता आणि तो रडण्यानं थरथरत नव्हता. "रोज दुपारी मी त्यांच्याशी बोलत होते. तुझ्याबद्दल बोलत होते. वैदेही का गेली ते मी त्यांना सांगितलं, कारण तुला सांगायची सोय नव्हती, तू अंगावर येतोस. सहा वर्षं मी तुझ्याशीच बोलत होते?"

आई, फोटो चांगला दिसावा म्हणून... तो बोलायला लागला, आणि त्याला स्वतःचीच चीड आली, म्हणून तो ओरडला. मिटलेल्या डोळ्यांचा फोटो लावणार होतीस का तू भिंतीवर? ती म्हणाली, लावला असता. मला कुणी विचारलं?

बाहेर कुल्फीवाल्याची घंटा वाजत गेली. मिहिर स्टूल ओढून वर चढला, हार काढून फेकला आणि फ्रेम दोन्ही हातांनी खिळ्यावरून उचलली.

आणि खोली आली. हॉलच आला. समोर, अगदी विताच्या अंतरावर, एक चेहरा होता. घामेजलेला, दाढी वाढलेला, डोळे मिटलेला. मागं आई उभी होती. मिहिरनं वाट बघितली. ते जाईना. त्यानं पापण्या ताणल्या, आणि समोरच्या चेहऱ्याच्या मिटलेल्या पापण्या थोड्या थरथरल्या.

"डोळे मिटून उभा राहू नकोस," आईचा आवाज आला. "बघ त्या फोटोकडं. आणि खाली उतर, पडशील."

उघडेच आहेत आई, तो म्हणाला. समोरच्या माणसाचे ओठ हलले.

तिनं त्याच्या हातातून फ्रेम ओढून घेतली. हॉल कलंडला, छताचा पंखा गेला, मग नुसतं काळं. टेबलाचा सनमायका असणार. मागचे खिळे निघाल्याचं त्याला ऐकू आलं. मग भसकन उजेड आला आणि आईचं तोंड वर आलं. एकेक सुरकुती दिसत होती, हनुवटीवरचा भाजल्याचा वण दिसत होता. तिच्या मागं, स्टुलाशी, मिटल्या डोळ्यांचा तो माणूस हात पुढं करून हवेत चाचपडत होता. भलत्याच दिशेला.

आई, कापू नको, आत्ता नको, थोडं थांब, असं मिहिर म्हणत होता. कटर त्याच्या खिशातून कधी पडलं होतं कोण जाणे. पातं पुढं सरकल्याचा आवाज त्याला ओळखीचा होता, टक, टक, टक.

"त्यांचा चेहरा मी ठेवणार आहे," उमाबाई म्हणाल्या. "फक्त तुझे तेवढे काढते."

त्यांचा हात जराही हलत नव्हता. डाव्या हाताचा अंगठा त्यांनी अण्णांच्या कपाळावर दाबून धरला, आणि पात्याचं टोक खाली यायला लागलं. आधी डावीकडं, तो तपकिरी ठिपका होता तिथं.